फोटो, सही, सातबारा आणि फलक : चित्राची फाईल कोणत्या प्रकारात ठेवावी

शिष्यवृत्तीचा अर्ज, पोलीस भरती, जात पडताळणी, पीक विमा, बचत गटाच्या हळदीचे लेबल, ग्रामपंचायतीचा फलक. विदर्भातील खेड्यांत आज यांपैकी कोणतेही काम चित्राच्या फाईलशिवाय पुढे सरकत नाही. तरीही ती फाईल कोणत्या प्रकारची असावी, याचा विचार बहुधा संकेतस्थळाने ती नाकारल्यावरच होतो, आणि तोपर्यंत अर्जाची शेवटची तारीख दाराशी आलेली असते. मोबाईल सफाईने वापरता येतो, पण फाईलच्या नावामागची जेपीजी, पीएनजी, पीडीएफ ही अक्षरे गोंधळात टाकतात, अशा वाचकांसाठी हा लेख आहे. निवड करताना मुळात दोनच प्रश्न विचारायचे असतात: चित्रात काय आहे, आणि ते कुठे जाणार आहे. पुढील सर्व पायऱ्या या दोन प्रश्नांच्या उत्तरांतून निघतात.

पहिली पायरी : मूळ फाईल बाजूला ठेवा

मोबाईलने काढलेला किंवा स्कॅनरवरून आलेला पहिला फोटो ही मूळ फाईल होय. तिच्यात कधीही काटछाट करू नये. तिची प्रत काढावी आणि जे काही बदल करायचे ते त्या प्रतीवर करावेत. जेपीजी प्रकारची फाईल उघडून, बदलून पुन्हा जतन केली की दर वेळी चित्रातील थोडी माहिती कायमची गळते आणि ती कोणत्याही उपायाने परत आणता येत नाही. फाईल नुसती उघडून पाहिल्याने किंवा पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्याने मात्र काहीही बिघडत नाही. संगणकावर 'मूळ' आणि 'अर्जासाठी' असे दोन फोल्डर करण्यास मिनिटभर पुरते, आणि घरातील मुलाने बारावीनंतर चार ठिकाणी अर्ज भरायचे असतील तर या दोन फोल्डरांचा उपयोग वर्षभर होतो.

दुसरी पायरी : फाईलचा खरा प्रकार ओळखा

विंडोज प्रणाली फाईलच्या नावामागची अक्षरे सहसा लपवून ठेवते. फाईल एक्सप्लोररमधील 'व्ह्यू' या मेनूत 'फाईल नेम एक्स्टेन्शन्स' हा पर्याय सुरू केला की ती दिसू लागतात. मोबाईलवर फोटो उघडून त्याचे तपशील पाहिले तर पूर्ण नाव, पिक्सेलमधील (म्हणजे चित्र ज्यांनी बनते त्या रंगीत ठिपक्यांमधील) लांबी-रुंदी आणि केबी किंवा एमबीमधील आकार एकाच ठिकाणी मिळतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण तो फार पसरलेला आहे. नावाच्या शेवटी असलेले पीएनजी खोडून तेथे जेपीजी लिहिले म्हणजे फाईलचा प्रकार बदलला, असे अनेकांना वाटते. सोयाबीनच्या पोत्यावर तुरीची चिठ्ठी लावल्याने आत तूर होत नाही. प्रत्येक फाईलच्या सुरुवातीच्या काही बाइट्समध्ये (बाइट हे संगणकातील माहिती मोजण्याचे लहान माप) तिच्या खऱ्या प्रकाराची खूण असते आणि अनेक संकेतस्थळे नावाऐवजी तीच खूण तपासतात. प्रकार खरोखर बदलायचा असेल तर फाईल पेंटसारख्या प्रोग्राममध्ये उघडून 'सेव्ह ॲज' मधून नवा प्रकार निवडावा लागतो. याला एक अपवाद आहे: शेवटी चार अक्षरी जेपीईजी असो की तीन अक्षरी जेपीजी, प्रकार एकच आहे, कारण जुन्या डॉस प्रणालीत शेवटी तीनच अक्षरे लिहिता येत असत. तेव्हा त्या दोहोंत केवळ नाव बदलले तरी चालते.

आयफोनने काढलेले फोटो पुष्कळदा एचईआयसी प्रकारात असतात. ॲपलने २०१७ पासून हा प्रकार स्वीकारला. तो जागा कमी घेतो, परंतु शासकीय आणि भरतीच्या अर्जांत तो सहसा चालत नाही. फोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, आणि तेथे 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडले की पुढील फोटो थेट जेपीजीमध्ये निघतात.

तिसरी पायरी : चित्रात काय आहे ते पाहा

सर्व निवडीचा गाभा जेपीजी आणि पीएनजी यांच्यातील फरकात आहे, म्हणून तो नीट समजून घ्यावा.

साध्या मोबाईलच्या बारा मेगापिक्सेल फोटोत ४००० गुणिले ३००० म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेल असतात. प्रत्येक पिक्सेलच्या रंगासाठी तीन बाइट धरले तर हा फोटो सुमारे ३६ एमबी जागा व्यापेल. प्रत्यक्षात जेपीजी फाईल तीन ते पाच एमबीची असते. ही बचत कशी होते? १९९२ मध्ये निश्चित झालेल्या या पद्धतीत चित्राचे आठ गुणिले आठ पिक्सेलचे लहान चौकोन पाडले जातात आणि प्रत्येक चौकोनातील जो बारकावा डोळ्याला सहज जाणवत नाही तो सोडून दिला जातो. शिवाय माणसाच्या डोळ्याला उजेडातील फरक जितका कळतो तितका रंगातील फरक कळत नाही, म्हणून रंगाची माहिती बहुधा उजेडापेक्षा निम्म्या लांबी-रुंदीतच साठवली जाते. माणसाचा चेहरा, शेत, झाड, आभाळ अशा ठिकाणी, जेथे एक रंग दुसऱ्यात हळूहळू मिसळतो, तेथे ही काटकसर लक्षातही येत नाही.

अक्षरांच्या बाबतीत मात्र ती लगेच दिसते. पांढऱ्या कागदावरील काळ्या अक्षराची कड एकदम सुरू होते आणि एकदम संपते. फाईल लहान करण्यासाठी जेपीजीने चित्र जास्त दाबल्यावर त्या कडेभोवती करडे ठिपके उमटतात. लाल किंवा जांभळ्या शाईच्या गोल शिक्क्याचे हाल आणखी वाईट होतात, कारण त्याची ओळख रंगावर अवलंबून असते आणि नेमकी रंगाचीच माहिती कमी ठेवलेली असते. मुख्याध्यापकांच्या शिक्क्यातील गावाचे नाव वाचता येत नाही, ही तक्रार पुष्कळदा येथून सुरू होते.

पीएनजी हा प्रकार १९९६ मध्ये आला. त्यात एकाही पिक्सेलची माहिती टाकून दिली जात नाही. कितीही वेळा जतन केली तरी चित्र जसेच्या तसे राहते, आणि चित्राची पार्श्वभूमी पारदर्शक ठेवता येते. मोबाईलचा स्क्रीनशॉट, नकाशा, तक्ता, बोधचिन्ह, मराठी मजकूर असलेली सूचना यांसाठी हा प्रकार योग्य आहे. मात्र छायाचित्र पीएनजीमध्ये ठेवले तर फाईल जेपीजीच्या कित्येक पट मोठी होते, आणि आधीच जेपीजी झालेला फोटो पीएनजी केल्याने गेलेला बारकावा परत येत नाही.

१९८७ मधील जीआयएफ या प्रकारात एका चित्रात जास्तीत जास्त २५६ रंग मावतात; हलत्या छोट्या चित्रांपलीकडे आज त्याचा उपयोग नाही.

चौथी पायरी : ऑनलाईन अर्जासाठी फोटो आणि सही

अर्जाच्या सूचनेत जे लिहिले आहे तेच अंतिम समजावे. सहीला स्वभावतः पीएनजी शोभते, परंतु सूचनेत जेपीजी म्हटले असेल तर जेपीजीच द्यावी. बँक भरतीच्या आयबीपीएस अर्जांचे उदाहरण घेऊ. त्यांत फोटोसाठी २०० गुणिले २३० पिक्सेल आणि २० ते ५० केबी, तर सहीसाठी १४० गुणिले ६० पिक्सेल आणि १० ते २० केबी असे माप दिलेले असते. अन्य अर्जांची मापे निराळी असू शकतात, म्हणून मागच्या अर्जाची फाईल तशीच पुढे ढकलू नये.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट क्रमाची आहे. आधी चित्र कापावे, नंतर पिक्सेल कमी करावेत आणि अगदी शेवटी, गरज उरलीच तर, दर्जा कमी करावा. बहुतेक जण थेट 'केबी कमी करा' असे बटण शोधतात आणि तेथेच फोटो बिघडतो. ५० केबी म्हणजे सुमारे चार लाख बिट (बाइटचा आठवा भाग म्हणजे बिट). २०० गुणिले २३० च्या फोटोत ४६,००० पिक्सेल असतात, म्हणजे एका पिक्सेलच्या वाट्याला जवळजवळ नऊ बिट येतात आणि चेहरा स्वच्छ दिसतो. तोच फोटो बारा मेगापिक्सेलचा ठेवून ५० केबीत कोंबला तर सुमारे तीस पिक्सेलमागे जेमतेम एक बिट उरतो. मग चेहऱ्याच्या जागी चौकोनी ठिगळे दिसतात आणि अर्ज तपासणारा तो फोटो अस्पष्ट म्हणून बाद करू शकतो.

कापताना लांबी-रुंदीचे प्रमाण सूचनेतल्याप्रमाणे राखावे. चित्र ओढून-ताणून चौकटीत बसवू नये, कारण त्याने चेहरा चपटा होतो. सूचनेत सेंटिमीटर दिले असतील, उदाहरणार्थ ३.५ गुणिले ४.५, तर ३०० डीपीआयच्या, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांच्या, हिशेबाने ते ४१३ गुणिले ५३१ पिक्सेल होतात. फाईल किमान मर्यादेपेक्षा लहान झाली, म्हणजे २० हव्या तिथे १४ केबी झाली, तर त्याच लहान फाईलला मोठी करत बसू नये. मूळ फाईलकडे परत जावे आणि या वेळी दर्जा थोडा वर ठेवून नवी प्रत काढावी.

सही कोऱ्या पांढऱ्या कागदावर काळ्या पेनाने करावी, दिवसाच्या उजेडात वरून सरळ फोटो घ्यावा आणि सहीच्या कडेपर्यंत कापावा. चारी बाजूंनी मोकळा कागद ठेवला तर १४० पिक्सेलांत सही मुंगीएवढी उरते.

फोटो स्टुडिओमधून फाईल घेताना ती आरजीबी, म्हणजे पडद्यासाठीच्या लाल-हिरव्या-निळ्या, रंगांत मागावी. छपाईसाठी तयार केलेली सीएमवायके रंगांची जेपीजी काही संकेतस्थळांवर नाकारली जाते किंवा तिचे रंग विचित्र दिसतात.

पाचवी पायरी : दाखले, सातबारा आणि जुने कागद

पीडीएफ हा खरे तर चित्राचा प्रकार नव्हे. तो कागदाची पाने एकत्र ठेवणारा संच आहे, आणि त्याच्या पोटात जेपीजीसारखीच चित्रे असू शकतात. म्हणून खराब फोटोची पीडीएफ केल्याने तो सुधारत नाही. अनेक पानांचा दस्तऐवज असेल तेव्हा पीडीएफ वापरावी, आणि एकच कागद असेल तर अर्ज जे मागेल ते द्यावे.

डिजिटल स्वाक्षरी असलेला सातबारा किंवा डिजिलॉकरमधील दाखला ज्या पीडीएफमध्ये मिळाला त्याच पीडीएफमध्ये जपून ठेवावा आणि शक्य तेथे तीच फाईल अपलोड करावी. त्याचा स्क्रीनशॉट काढला किंवा छापून पुन्हा स्कॅन केला तर त्या प्रतीवरून स्वाक्षरी संगणकावर तपासता येत नाही.

जात पडताळणीसाठी लागणारे आजोबा-पणजोबांच्या काळातील कागद, म्हणजे कोतवाल बुकाची (गावातील जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची) नक्कल, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा, जुना अधिकार अभिलेख, यांची गोष्ट अगदी वेगळी आहे. हे कागद पिवळे पडलेले असतात, शाई फिकी झालेली असते आणि एखाद्या अक्षराच्या वाचनावर सगळे प्रकरण अवलंबून असते. असे कागद किमान ३०० डीपीआयवर, आणि अक्षरे फारच फिकी असतील तर ६०० वर, रंगीत स्कॅन करावेत आणि जपण्याची प्रत पीएनजी किंवा टिफ (हाही माहिती न गमावता चित्र साठवू शकणारा प्रकार) यात ठेवावी. ए-४ कागद ३०० डीपीआयवर स्कॅन केला की २४८० गुणिले ३५०८ म्हणजे सुमारे ८७ लाख पिक्सेल होतात. रंगीत चित्र दाबण्याआधी २६ एमबी, करडे सुमारे ९ एमबी आणि निव्वळ काळे-पांढरे सुमारे १ एमबी. ही तफावत पाहून काळे-पांढरे निवडण्याचा मोह होतो. ताज्या छापील कागदासाठी ते चालते. जुन्या कागदासाठी ते मुळीच करू नये, कारण त्यात प्रत्येक ठिपका एक तर पूर्ण काळा होतो किंवा पूर्ण पांढरा, आणि फिकी शाई पांढऱ्यात कायमची हरवते.

काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये आणखी एक धोका आहे. काही यंत्रे जागा वाचवण्यासाठी सारख्या दिसणाऱ्या अक्षरांचा एकच नमुना साठवून तोच सगळीकडे वापरतात. जर्मनीतील संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड क्रीसेल यांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की अशा पद्धतीमुळे काही स्कॅनिंग यंत्रे ६ च्या जागी ८ असे अंक बदलून टाकत होती, आणि कागद तर अगदी स्पष्ट दिसत होता. गट क्रमांक, क्षेत्र आणि जन्मतारीख असलेला कागद स्कॅन झाल्यावर आकडे मूळ कागदाशी ताडून पाहावेत, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगेन.

पिकावरील किडीचा फोटो

पऱ्हाटीवर (कपाशीवर) काही दिसले की शेतकरी फोटो काढून कृषी सहायकाला किंवा कृषी विज्ञान केंद्राला व्हॉट्सॲपवर पाठवतो. येथे प्रकार जेपीजीच असतो; प्रश्न किती बारकावा पोहोचतो हा असतो. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो साधारणतः सोळाशे पिक्सेलांपर्यंत लहान केला जातो. पांढरी माशी किंवा फुलकिडे जेमतेम एक मिलिमीटरचे असतात. दहा सेंटिमीटरचे पान ४००० पिक्सेलांत भरून घेतले तर ही कीड ४० पिक्सेलांची दिसते आणि व्हॉट्सॲपवरून जाऊनही १६ पिक्सेल उरते. उभे राहून मीटरभर उंचीचे अख्खे झाड टिपले तर तीच कीड चार पिक्सेलांची, आणि पोहोचेपर्यंत दोन पिक्सेलांहून कमी होते. जेपीजीच्या आठ पिक्सेलांच्या चौकोनात तिचा मागमूस राहत नाही. म्हणून पानाची खालची बाजू वळवून जवळून फोटो घ्यावा, आणि पाठवताना क्लिपचे चिन्ह दाबून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा, म्हणजे मूळ फाईल जशीच्या तशी जाते. गुलाबी बोंडअळीची डोमकळी (अळीमुळे न उमलता मिटून राहिलेले फूल) मोठी असते. तिच्यासाठी साधा फोटोही पुरतो.

फोटोच्या फाईलमध्ये दिवस, वेळ आणि मोबाईलचे स्थान सुरू असेल तर जागेचे अक्षांश-रेखांशही नोंदलेले असतात. नुकसानीचा पुरावा म्हणून ठेवायच्या फोटोत ही नोंद मोलाची आहे. व्हॉट्सॲपवर साध्या फोटोसारखे पाठवल्यावर ती निघून जाते, म्हणून असे फोटो मूळ स्वरूपातच जपावेत. ई-पीक पाहणीसाठी मात्र फोटो त्या ॲपमधूनच, शेतात उभे राहून काढायचा असतो.

फलक, लेबल आणि बोधचिन्ह

सहा गुणिले चार फुटांच्या फ्लेक्ससाठी इंचाला ७२ पिक्सेल धरले तर ५१८४ गुणिले ३४५६ पिक्सेल लागतात. दुरून पाहायच्या फलकाला एवढे पुरते. व्हॉट्सॲपवरून आलेल्या सोळाशे पिक्सेलांच्या फोटोतून इंचाला जेमतेम २२ पिक्सेल मिळतात, आणि सत्काराच्या फलकावरील चेहरा धूसर येतो. दुकानदाराला फोटो देताना मूळ फाईल पेनड्राइव्हवर किंवा डॉक्युमेंट म्हणून द्यावी.

हातात घेऊन वाचायच्या लेबलला इंचाला ३०० पिक्सेल हवेत. वायगावच्या हळदीसारखे भौगोलिक मानांकन लाभलेले उत्पादन विकणाऱ्या गटाने बोधचिन्ह एकदाच, पण व्यवस्थित करून घ्यावे. बोधचिन्हासाठी पिक्सेलऐवजी रेषांची गणिती नोंद ठेवणारी वेक्टर फाईल हवी, कारण ती पाकिटावर असो की टेम्पोच्या बाजूवर, कितीही मोठी केली तरी फाटत नाही. आपल्याकडे बहुतेक दुकाने कोरलड्रॉ वापरतात. त्यांच्याकडून कोरलड्रॉच्या सीडीआर फाईलबरोबरच एसव्हीजी (वेक्टर चित्राचा सर्वत्र चालणारा प्रकार) किंवा पीडीएफ आणि पारदर्शक पार्श्वभूमीची, किमान दोन हजार पिक्सेल रुंद पीएनजी मागून घ्यावी. केवळ जेपीजी घेतली तर पिवळ्या लेबलवर बोधचिन्हाभोवती पांढरी चौकट येते. मराठी अक्षरे फाईल देण्याआधी 'कर्व्ह'मध्ये, म्हणजे नुसत्या रेषांच्या आकारांत, बदलून घेण्यास सांगावे, नाही तर तो फॉन्ट नसलेल्या दुसऱ्या दुकानातील संगणकावर जोडाक्षरे तुटतात.

संकेतस्थळासाठी

शेतकरी उत्पादक कंपनीचे किंवा शाळेचे संकेतस्थळ असेल तर छायाचित्रांसाठी वेबपी हा प्रकार घ्यावा. गूगलने तो २०१० मध्ये आणला आणि आता सर्व प्रमुख ब्राउझर तो उघडतात. तितक्याच दर्जाच्या जेपीजीपेक्षा फाईल बहुधा लक्षणीय लहान होते. फोटोची रुंदी बाराशे पिक्सेल ठेवावी. चार एमबीचे दहा फोटो एका पानावर टाकले तर सेकंदाला एक मेगाबिट वेगाच्या नेटवर्कवर ते उघडायला पाच मिनिटांहून अधिक लागतात, आणि दीडशे केबीचे दहा फोटो साधारण बारा सेकंदांत येतात. मेळघाटातील वाचकाला हा फरक पान दिसणे आणि न दिसणे एवढा आहे. ऑनलाईन अर्जात मात्र वेबपी देऊ नये.

पाठवण्याआधी

फाईल लहान करून देणाऱ्या अनोळखी संकेतस्थळांवर आधार कार्ड, पासबुक, सही अपलोड करू नये, कारण ती फाईल दुसऱ्याच्या संगणकावर जाते आणि तेथे तिचे काय होते हे आपल्याला दिसत नाही. विंडोजमधील पेंट, मोफत मिळणारे गिम्प आणि इरफानव्ह्यू हे प्रोग्राम हेच काम आपल्याच संगणकावर करतात. ब्राउझरमध्ये चालणारे स्क्वूश हे साधनही चित्र बाहेर न पाठवता लहान करते आणि दर्जा बदलताना आधीचे व नंतरचे चित्र शेजारी शेजारी दाखवते.

मोबाईल उभा किंवा उलटा धरून काढलेल्या फोटोत चित्र पुष्कळदा प्रत्यक्षात फिरवलेले नसते, फक्त 'हे फिरवून दाखवा' अशी नोंद फाईलमध्ये असते. काही संकेतस्थळे ती नोंद वाचत नाहीत आणि गॅलरीत सरळ दिसणारा चेहरा अर्जात आडवा पडतो. असे झाल्यास फोटो पेंटमध्ये उघडून खरोखर फिरवावा, जतन करावा आणि पुन्हा अपलोड करावा. अर्ज अंतिम सादर करण्यापूर्वी त्याचा नमुना उघडून फोटो आणि सही सरळ, पूर्ण व आपापल्या चौकटीत आहेत का ते पाहावे, कारण अनेक अर्जांत त्यानंतर दुरुस्ती करता येत नाही.